बाटलीबंद रस, गर आणि पेयांसाठी पाश्चरीकरण यंत्राची निवड व वापर

आंबा, कोकम, जांभूळ, आवळा, डाळिंब, स्ट्रॉबेरी यांपासून तयार पेये बनवणारे अनेक शेतकरी, बचत गट आणि उत्पादक कंपन्या हंगामाच्या तोंडावर पाश्चरायझरची कोटेशन्स मागवतात. कोटेशनमध्ये लिटर, किलोवॅट आणि किंमत असते. मात्र बाटली टिकणार की पावसाळ्यात फसफसून तिचे झाकण उडणार, हे या तीन आकड्यांवर ठरत नाही. ते ठरते पदार्थाच्या आम्लतेवर, आणि बाटलीच्या आत, अगदी मधोमध, किती तापमान किती वेळ राहिले यावर. म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वी आपला पदार्थ कोणत्या गटात मोडतो ते पाहावे.

आधी सामू, मग यंत्र

पाश्चरीकरणात पदार्थ १०० अंश सेल्सिअसच्या खाली ठरावीक वेळ तापवतात. यात यीस्ट, बुरशी आणि बहुतेक रोगकारक जिवाणू मरतात, विकरे म्हणजे एन्झाइम निष्क्रिय होतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. त्यांपैकी सर्वांत घातक क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हवाबंद बाटलीत तो विष तयार करतो आणि बऱ्याचदा पदार्थाची चव किंवा वास बदललेला जाणवतही नाही. ४.६ पेक्षा कमी सामू असलेल्या पदार्थात हे बीजाणू वाढू शकत नाहीत. त्यामुळे ४.६ हा सामू या व्यवसायातली लक्ष्मणरेषा आहे. सामू तिच्या खाली असेल तर पाश्चरीकरण करून बाटली साध्या खोलीत ठेवता येते. वर असेल तर कितीही महागडा पाश्चरायझर घेतला तरी शीतगृहाशिवाय ती बाटली सुरक्षित नाही.

कोकम, लिंबू आणि आवळा यांचा सामू साधारण २ ते ३ असतो, ही सर्वांत निर्धोक फळे. डाळिंब, स्ट्रॉबेरी आणि जांभूळ ३ ते ४ च्या आसपास. पूर्ण पिकलेल्या आंब्याचा गर मात्र ४ ते ४.५ पर्यंत जातो. टोमॅटो तर अगदी रेषेवर असतो. या दोन्हींत सायट्रिक आम्ल मिसळून सामू ४ च्या आसपास किंवा त्याखाली आणावा. आंब्याच्या गराला साधारणपणे किलोला ३ ते ५ ग्रॅम लागते, पण प्रमाण अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक बॅचचा सामू आम्ल घालण्यापूर्वी आणि नंतर मोजावा. एकाच बागेतला पहिल्या तोडणीचा आणि शेवटच्या तोडणीचा आंबासुद्धा सारखा नसतो.

सामू मोजायला डिजिटल मीटर घ्यावा आणि रोज काम सुरू करताना ४ आणि ७ सामूच्या बफर द्रावणात तो तपासावा. रंगपट्टीचा कागद कोकम, जांभूळ, डाळिंब यांच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो, कारण रसाचाच रंग कागदावर चढतो. पाश्चरायझरवर मोठी रक्कम खर्च करून सामू मीटरवर काटकसर करणे हा उलटा हिशेब आहे.

उसाचा रस, शहाळ्याचे पाणी, नीरा, चिकू, पपई, कलिंगड आणि दूध हे सर्व ४.६ च्या वरचे पदार्थ. उसाच्या रसात लिंबू पिळून सामू खाली आणता येतो, मात्र तो मीटरवर दिसला पाहिजे. चवीला आंबट लागणे पुरेसे नाही. दुधासाठी ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद हे प्रमाण आहे, आणि त्यानंतरही दूध थंडच ठेवावे लागते. दुकानात फ्रिजबाहेर ठेवलेले काचेच्या बाटलीतले सुगंधी दूध पाश्चरीकृत नसून दाबाखाली ११५ ते १२१ अंशांच्या आसपास निर्जंतुक केलेले असते. त्यासाठी रिटॉर्ट हे वेगळे यंत्र लागते. ‘याच मशीनवर दूध पण होईल, नीरा पण होईल’ असे विक्रेता म्हणाला, तर ‘आणि ती बाहेर किती दिवस टिकेल?’ हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा.

दुसऱ्या टोकाला, काही पदार्थांना या यंत्राची गरजच नसते. सालीत साखर भरून पाझरवलेल्या कोकमाच्या पारंपरिक घट्ट सिरपला साखर टिकवते आणि आगळाला मीठ व आम्ल टिकवतात. पाश्चरीकरण खरे लागते ते थेट पिण्याच्या तयार पेयाला. त्यात फळाचा रस किमान १० टक्के आणि एकूण विद्राव्य घटकही तेवढेच असतात. इतक्या कमी साखरेत यीस्ट आनंदाने वाढते.

यंत्रांचे प्रकार

सर्वांत साधे यंत्र म्हणजे पाण्याचा टब. स्टेनलेस स्टीलची टाकी, तळाशी जाळी, खाली गॅस किंवा आत विजेचा हीटर. भरलेल्या, झाकण लावलेल्या बाटल्या यात मानेपर्यंत बुडवून तापवतात. पातळ रस, २०० ते ३०० मिलीच्या काचेच्या बाटल्या आणि दिवसाला काही शे नग एवढ्या कामाला हा टब उत्तम. बाटली बंद झाल्यावरच तापत असल्याने नंतर बाहेरचा जंतू आत शिरायला वाव नसतो, हा त्याचा मोठा गुण. वेळ आणि इंधन जास्त लागते, हा दोष.

दुसरा प्रकार केटल आणि गरम भरणी. दुहेरी भिंतीच्या भांड्यात वाफेने किंवा गरम तेलाने रस ९० अंशांपर्यंत तापवायचा, गरम असतानाच बाटलीत भरायचा आणि लगेच झाकण लावायचे. गर, क्रश आणि घट्ट नेक्टरसाठी हाच मार्ग. आवरणातली वाफ १ किलो दाबाला सुमारे १२० अंशांची असते, त्यामुळे ढवळणी बंद पडली की गर भिंतीला करपतो. भिंतीला घासत फिरणारी टेफ्लॉनची पट्टी असलेली ढवळणी घ्यावी. नुसता मधोमध फिरणारा पंखा घट्ट गराला उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रकार सलग चालणारा प्लेट किंवा नळीचा पाश्चरायझर. रस पातळ थरातून वाहताना काही सेकंदांत ९० ते ९५ अंशांवर जातो, धारण नळीत ठरावीक वेळ राहतो आणि पुढे भरणी यंत्राकडे जातो. रंग, सुगंध आणि जीवनसत्त्व क यात सर्वांत चांगले राहतात. तापमान कमी पडले तर रस आपोआप मागे वळवणारा झडप यात असलाच पाहिजे. तो नसलेले यंत्र घेऊ नये. प्लेटमधल्या फटी अरुंद असल्याने तंतू आणि गर अडकतात. म्हणून गाळलेल्या रसाला प्लेट आणि आंब्याच्या गराला नळीचा प्रकार योग्य. दिवसाला १००–२०० लिटर काम असलेल्याने मात्र याच्या नादी लागू नये. यंत्र सुरू आणि बंद करताना पाण्यात मिसळून वाया जाणारा रसच एवढ्या छोट्या बॅचमध्ये डोईजड होतो.

बाटल्यांवर गरम पाण्याचे फवारे मारणारे बोगद्याचे यंत्र मोठ्या कारखान्यांचे आहे. वायुयुक्त पेये आणि बिअरसाठी ते वापरतात. सोडा भरलेल्या पेयाच्या बाटल्या साध्या टबात तापवू नयेत. तापल्यावर आतला दाब अनेक पटींनी वाढतो आणि काच फुटून इजा होऊ शकते.

बाटली यंत्राइतकीच महत्त्वाची

पाण्याच्या बाटलीसारखी साधी पेट बाटली ७० अंशांच्या आसपास मऊ पडून आकसते. गरम भरणीसाठी खास उष्णतासह पेट किंवा पॉलिप्रॉपिलीनची बाटली मिळते, ती पुरवठादाराकडून लेखी खात्री करूनच घ्यावी. आधी बाटल्या छापून आणायच्या आणि मग त्या ८५ अंश सोसत नाहीत म्हणून ७० अंशांवर भरायचे, असे प्रकार सर्रास दिसतात. त्या मालाचे आयुष्य मग केवळ परिरक्षकाच्या भरवशावर असते.

काच उष्णता सोसते, पण अचानक बदल सोसत नाही. गार बाटली एकदम उकळत्या पाण्यात किंवा गरम बाटली नळाच्या पाण्यात टाकली की तळ निखळतो. थंड करताना बाटली आणि पाणी यांत २० ते २५ अंशांहून जास्त फरक ठेवू नये.

काचेची आणखी एक बाब गरम भरणी करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. २०० मिलीच्या बाटलीचे वजन साधारण २०० ग्रॅम धरले आणि ती २५ अंशांची असताना तिच्यात ८५ अंशांचा रस ओतला, तर काच उष्णता शोषून घेते आणि रस ७५ अंशांच्या आसपास येतो. भरणी यंत्रावरचा आकडा मात्र ८५ दाखवत राहतो. तीच बाटली आधी ६० अंशांपर्यंत तापवली असेल, तर रस ८० च्या वर राहतो. लहान बाटल्यांची गरम भरणी करायची असेल, तर बाटल्या तापवण्याची सोय यंत्राच्या किमतीतच धरावी.

क्राउन कॅप, पिळाचे ॲल्युमिनियम झाकण किंवा लग झाकण, काहीही वापरले तरी आतली अस्तराची चकती उष्णतेला टिकणारी हवी. टबात तापवायच्या बाटलीत रस प्रसरण पावतो, म्हणून वर सुमारे २ सेंटिमीटर जागा सोडावी. गरम भरणीत याउलट जवळजवळ काठोकाठ भरतात; थंड झाल्यावर रस आकसून आत निर्वात तयार होतो.

खरे तापमान कुठे मोजायचे

टबाच्या कडेचा डायल पाण्याचे तापमान सांगतो, केटलवरचा दाबमापक वाफेचा दाब सांगतो. यांपैकी काहीही बाटलीच्या आतले तापमान नव्हे. त्यासाठी प्रत्येक बॅचमध्ये एक चाचणी-बाटली ठेवावी. झाकणाला भोक पाडून त्यातून लांब दांडीचा डिजिटल थर्मामीटर आत सोडावा आणि ही बाटली टबाच्या सर्वांत गार कोपऱ्यात, म्हणजे हीटरपासून दूर ठेवावी. पातळ रसात गरम द्रव वर चढत असल्याने सर्वांत गार जागा तळापासून थोडी वर असते. घट्ट गरात ती बरोबर मध्यभागी असते. थर्मामीटरचे टोक त्यानुसार ठेवावे.

तयार पेयासाठी ८५ अंशांना २५ ते ३० मिनिटे ही रूढ शिफारस आहे. पाण्याने ८५ गाठले की घड्याळ लावायचे, अशी सवय बऱ्याच ठिकाणी आहे. २०० मिलीच्या पातळ कोकम पेयात आम्लता भरपूर असल्याने ते निभावते. पण ७५० मिलीच्या बाटलीत घट्ट आंबा गर असेल, तर तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायलाच तासाहून जास्त लागतो, कारण घट्ट गर आत फिरत नाही. तोवर कडेचा गर शिजून तपकिरी पडतो. म्हणून गर बाटलीत घालून तापवू नये. तो केटलमध्ये ९० ते ९५ अंशांपर्यंत तापवून गरमच भरावा. पातळ रसातही वेळ मोजायला सुरुवात चाचणी-बाटलीने ८५ दाखवल्यावरच करावी.

थर्मामीटर दर आठवड्याला तपासावा. चुरलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात तो शून्य दाखवतो का ते पाहावे. उकळत्या पाण्यात १०० दाखवलाच पाहिजे असे नाही. उंची दर ३०० मीटरने वाढली की उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळते. तिथे स्ट्रॉबेरीचे पदार्थ करणाऱ्याने थर्मामीटर ९६ दाखवतो म्हणून तो बिघडला असे समजू नये.

रोजचे काम

रस काढल्यावर तासन्‌तास तसाच ठेवू नये. सकाळी काढलेला रस संध्याकाळी तापवला तर जंतूंची संख्या आधीच इतकी वाढलेली असते की तेच तापमान कमी पडते, आणि आंबूस चव तर कोणत्याही यंत्राने जात नाही. फळे निवडताना बुरशीचा एकही डाग असलेले फळ बाजूला काढावे. काही बुरश्यांचे बीजाणू ८५ अंश सहज पचवतात.

गरम भरणीत रस बाटलीत पडताना ८५ अंशांच्या खाली येऊ देऊ नये. झाकण लावताच बाटली २ ते ३ मिनिटे आडवी किंवा उलटी धरावी, म्हणजे गरम रसाने मान आणि झाकणाची आतली बाजू तापते. वीज गेली आणि भरणी थांबली, तर केटलमधला रस पुन्हा तापवून मगच पुढे भरावा. मधल्या वेळात भरलेल्या बाटल्या वेगळ्या क्रेटमध्ये काढून ठेवाव्यात.

नंतर बाटल्या टप्प्याटप्प्याने, आधी कोमट आणि मग साध्या पाण्यात, ४० अंशांपर्यंत थंड कराव्यात. हे पाणी क्लोरीन घातलेले पिण्यायोग्यच असावे, कारण आत निर्वात होताना सैल झाकणातून थेंबभर पाणी आत ओढले जाऊ शकते. गरम बाटल्या खोक्यात भरून थप्पी लावली तर मधल्या खोक्यांतला माल रात्रभर गरम राहतो. सकाळी स्ट्रॉबेरीचा लाल रंग विटकरी झालेला दिसतो.

क्षमता, इंधन आणि धातू

यंत्राची क्षमता वर्षाच्या सरासरीवर नव्हे, हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसावर काढावी. त्यासाठी एक साधा हिशेब करून पाहावा. २०० मिलीच्या १०० बाटल्या म्हणजे २० लिटर रस. टबात सुमारे ८० लिटर पाणी धरले, तर एकूण १०० लिटर २५ वरून ८५ अंशांवर न्यायला ६,००० किलोकॅलरी लागतात. काचेसाठी आणखी अडीचशेच्या आसपास. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे सव्वासात युनिट, आणि हवेत जाणारी उष्णता धरून ८ ते ९. टबाला ३ किलोवॅटचा हीटर असेल तर पहिली बॅच तापायलाच पावणेतीन ते तीन तास लागतील. ९ किलोवॅटला सुमारे एक तास पुरतो, पण त्यासाठी थ्री फेज जोडणी हवी. गॅसवर हेच काम साधारण १.१ ते १.२ किलोत होते. कोटेशनमध्ये ‘१०० बाटल्या’ लिहिलेले असते, ‘किती तासांत’ ते आपणच विचारावे लागते.

तेवढाच २० लिटर रस केटलमध्ये ९० अंशांवर नेण्यास फक्त १,३०० किलोकॅलरी लागतात. बाटल्या तापवण्याचे धरले तरी गरम भरणी इंधनात स्वस्त पडते. टबातही दुसऱ्या बॅचपासून बचत होते, पण उरलेले पाणी ५० अंशांच्या आसपास आल्याशिवाय गार बाटल्या आत सोडू नयेत.

वाफेसाठी बॉयलर घेणार असाल तर त्याची पाण्याची क्षमता पाहावी. २५ लिटरपेक्षा मोठ्या बॉयलरला बॉयलर कायदा लागू होतो आणि बाष्पके संचालनालयाची नोंदणी व तपासणी लागते. लहान गटाने सुरुवातीला २५ लिटरच्या आतला छोटा वाफनिर्माता किंवा गॅसवर चालणारी गरम तेलाची केटल घेणे सोयीचे.

रसाला लागणारा प्रत्येक भाग किमान एसएस ३०४ चा हवा. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ किंवा नरम लोखंड कुठेही नको. पंपाचा आतला पंखा आणि नळाची तोटी हटकून पाहावी, काटकसर तिथेच केलेली असते. कोकमाचे आगळ किंवा मीठ घातलेले इतर पदार्थ तापवायचे असतील, तर ३०४ सुद्धा टिकत नाही. मीठ आणि आम्ल मिळून त्याला बारीक खड्डे पाडतात आणि त्या खड्ड्यांत जंतू घर करतात. अशा कामाला एसएस ३१६ घ्यावे.

काम संपताच यंत्र आधी साध्या पाण्याने, मग १ ते २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवावे. कॉस्टिक हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर बसणारा पांढरा थर अधूनमधून सौम्य आम्लाने काढावा, नाहीतर तोच हीटर महिन्यागणिक हळू तापू लागतो.

पैसे देण्यापूर्वी

यंत्र विक्रेत्याच्या शोरूममध्ये पाण्यावर चालवून दाखवतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. आपला रस, आपल्या बाटल्या आणि आपला थर्मामीटर घेऊन जावे आणि पूर्ण बॅच काढून पाहावी. गॅस्केट, हीटर आणि तापमान नियंत्रक यांचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात का, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. आंब्याचा हंगाम दीड महिन्याचा. त्यातले दहा दिवस दुरुस्तीत गेले तर वर्ष गेले.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. अर्जापूर्वी चालू निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पाहावेत. प्रकल्प अहवालासाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत घेता येते. अनुदानाच्या आशेने गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊ नये, कारण उरलेला हप्ता आपल्यालाच भरायचा असतो. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि लेबलवर बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख हवी.

वहीत प्रत्येक बॅचसाठी एक ओळ ठेवावी: तारीख, बॅच क्रमांक, सामू, ब्रिक्स, चाचणी-बाटलीचे तापमान, ते गाठल्याची आणि बॅच बाहेर काढल्याची वेळ, काम करणाऱ्याची सही. तक्रार आलीच तर कोणता माल परत बोलवायचा ते या ओळीवरून कळते. वही नसेल तर सगळाच माल बोलवावा लागतो. प्रत्येक बॅचच्या किमान चार-पाच बाटल्या ३५ अंशांच्या आसपासच्या उबदार खोलीत दोन आठवडे ठेवाव्यात. झाकण फुगणे, बुडबुडे, वर तवंग किंवा तळाशी नवा गाळ यांपैकी काही दिसले, तर त्या बॅचचा माल बाजारात पाठवू नये. संशयित बाटली चाखूनही पाहू नये.